'कच्चे' म्हणा, पण म्हणा!

'कळवू' हे मराठी भाषेतील एक अगदी साधे क्रियापद आहे. वस्तुतः त्यात एक वचन आहे. मी तुम्हांस काहीतरी सांगणे लागतो आणि ते मी सांगेन, असा त्याचा सरळ अर्थ होतो. परंतु गेल्या काही वर्षांत नोकरी देणाऱ्यांच्या टेबलावर या शब्दाचा अर्थ पार बदलून गेला आहे. मुलाखत संपते, समोरचे गृहस्थ कागद आवरतात, किंचित हसतात आणि म्हणतात, "ठीक आहे, या तुम्ही. आम्ही कळवू." ज्याला हा शब्द ऐकवला जातो तो तरुण त्याचा जुना अर्थ घेऊन घरी परततो, ज्याने तो उच्चारलेला असतो त्याच्या मनात मात्र नवा अर्थ असतो. तो नवा अर्थ असा की, आता कधीही काहीही कळवले जाणार नाही. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये आज आमच्या जिल्ह्यातील शेकडो सुशिक्षित घरे अडकून पडली आहेत. म्हणूनच या विषयास पहिल्या पानावर स्थान देणे आम्हांस आवश्यक वाटते.

वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. दुष्काळ, पाणी, पीकविमा, रस्ते असे जीवनमरणाचे प्रश्न उभे असताना कोणी कोणाला पत्र पाठवले नाही याचे दुःख ते काय, असे एखादा वाचक विचारील. त्या वाचकाने कृपा करून हिशेब मांडून पाहावा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा या आठ तालुक्यांचा आमचा जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारने 'आकांक्षित' म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक. येथे उद्योग थोडे, शेती पावसाच्या मर्जीवर. त्यामुळे पदवी घेतलेल्या मुलाला मुलाखतीसाठी बहुधा बाहेरच जावे लागते. सोलापूर आणि लातूर जवळची म्हणायची. खरी वाट पुण्याची, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरांची. रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने किंवा एसटीने जायचे, स्थानकावरच तोंड धुऊन इस्त्रीचा शर्ट चढवायचा, चाकणला वा हिंजवडीला पोहोचायचे, वीस मिनिटांच्या मुलाखतीसाठी तीन तास थांबायचे आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे. या एका फेरीत बापाची काही दिवसांची मजुरी खर्ची पडते. एवढे करून त्याच्या हाती काय पडते, तर 'कळवू'!

मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. नोकरीच्या व्यवहारात मात्र मौन हे नकाराचे लक्षण झाले आहे आणि ते नवख्या उमेदवाराला कोणी शिकवलेले नसते. तो पहिला आठवडा आशेने काढतो. दुसऱ्या आठवड्यात भ्रमणध्वनी हातातून सुटत नाही; अनोळखी क्रमांक दिसला की छातीत धडधडते आणि पलीकडून कोणी कर्ज विकत असते. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःची उत्तरे पुन्हापुन्हा आठवू लागतो. त्या प्रश्नाला आपण असे का बोललो? इंग्रजी अडखळले तेथेच सगळे बिघडले काय? गावाचे नाव ऐकून त्यांनी एकमेकांकडे पाहिले ते कशासाठी? चौथ्या आठवड्यात घरचे विचारणे थांबवतात, आणि हे न विचारणे विचारण्याहून जड असते. मुलगी असेल तर प्रश्न आणखी बिकट. वाट पाहण्यासाठी मुलीला मिळणारी मुदत आपल्या समाजात मुळातच तोकडी. महिना-दोन महिने काही कळले नाही की 'आता पुरे झाले' म्हणून स्थळे पाहण्यास आरंभ होतो. कुठल्याशा कचेरीत कोणीतरी दोन ओळी लिहिण्याचा कंटाळा केला, एवढ्यावरून एका मुलीच्या आयुष्याची दिशा बदलते. हा विषय क्षुल्लक नाही तो यामुळे.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. नकार देऊ नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. एका जागेसाठी वीसजण बोलावले तर एकोणिसांना नकार मिळणारच. ते गणित कोणाही सरकारला वा संस्थेला बदलता येणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नकार ही एक गोष्ट आहे आणि मौन ही दुसरी. नकाराने माणूस दुखावतो. पण त्या दुखण्याला टोक असते, ते एक दिवस बोथट होते आणि माणूस पुढच्या वाटेला लागतो. मौनाने माणूस एका जागी खिळून राहतो. दुसरी नोकरी स्वीकारावी तर ही हातची जाईल, न स्वीकारावी तर तीही गेली, अशा कात्रीत तो सापडतो.

या बाबतीत आम्हांस दूरचे दाखले शोधण्याची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून 'हे काय?' असे विचारले. गोरोबांनी सांगितले, मडके पक्के की कच्चे हे याने कळते. मग ही मडकीही तपासा, असे म्हणताच काकांनी एकेका संताच्या मस्तकावर थापटणे मारण्यास सुरुवात केली. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा गोरोबांनी तेथल्या तेथे, सर्वांच्या देखत निर्णय दिला: हे एक मडके कच्चे आहे. परंपरेने चालत आलेली ही कथा आपण सहसा नम्रतेचा धडा म्हणून सांगतो. आम्हांस तीत आणखी एक धडा दिसतो. मराठी मुलखातील ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध मुलाखत असावी, आणि तिचा निकाल उमेदवाराला त्याच बैठकीत मिळाला. तो कटू होता, भर सभेत अपमान करणारा होता. परंतु तो स्पष्ट होता. त्या नकाराने दुखावलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले, त्यांनी गुरू केला, आणि तेरला कच्चे ठरलेल्या या 'उमेदवारा'ची पदे पुढे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात जाऊन विराजमान झाली. गोरोबाकाका जर थापटणे खाली ठेवून 'ठीक आहे, कळवू' एवढेच म्हणाले असते, तर नामदेव पंढरपुरास जाऊन कशाची वाट पाहत बसले असते? आपण कच्चे आहोत हे ज्याला कळते तो भट्टीचा शोध घेतो. ज्याला काहीच कळत नाही तो मात्र उन्हात तसाच पडून तडकतो.

आम्ही हे परक्या अनुभवावरून लिहीत नाही. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळामास्तर होतो, आणि ती मास्तरकी मिळण्याआधी एका शिक्षणसंस्थेत मुलाखतीस गेलो होतो. संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला वर्गावर पाठ घेण्यास लावले; पाठ झाल्यावर अध्यक्षांनी पाठीवर थाप मारून 'उत्तम शिकवलेत, कळवतो' असे सांगितले. तो महिना जूनचा होता. दिवाळीपर्यंत आम्ही रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहिली. मध्यंतरी एका खेड्यातील शाळेने बोलावले होते. तेथे 'थोडे थांबा' असे सांगून ती जागा आम्ही आमच्या हाताने घालवली. अखेरीस एका पुस्तकविक्रेत्याशी बोलता बोलता कळले, की पहिल्या संस्थेतील जागा मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळीच भरली गेली होती. जागा गेल्याचे दुःख आम्ही केव्हाच विसरलो. पाच महिन्यांच्या त्या दुपारी मात्र अजून आठवतात.

परंतु कथा येथे संपली असती तर बरे झाले असते. पुढे काही वर्षांनी आम्ही स्वतः टेबलाच्या पलीकडे बसलो. अकरा उमेदवार आले, एकाची निवड झाली. उरलेल्या दहाजणांस कळवावे, असे मुख्याध्यापकांस वाटले नाही, लिपिकास वाटले नाही, आणि ज्याने पाच महिने पोस्टमनची वाट पाहिली होती त्या आम्हांसही वाटले नाही. ऑगस्टात त्या दहांपैकी एक मुलगी वडिलांना घेऊन शाळेच्या फाटकापाशी आली. आम्हांला ओळखून तिने विचारले, "सर, माझं काही कळलं का?" वर्गात त्या वेळी नवा शिक्षक शिकवत होता, त्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता. आम्ही म्हणालो, "अजून ठरायचे आहे." खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही, एवढेच त्याचे कारण. ती 'बरं सर' म्हणून नमस्कार करून गेली. या लेखात आम्ही मालकवर्गास जो दोष देत आहोत, त्याचा पहिला वाटा आमचा आहे हे कबूल करूनच पुढे लिहितो.

खाजगी संस्थेचे असे, तर सरकारचे काय? तेथे तर मुलाखतीच्या पुढेही मौन आहे आणि अलीकडेही. २०२१ च्या जूनअखेरीस पुणे परिसरातील एका तरुणाने आपले जीवन संपवले. लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवेची पूर्व व मुख्य परीक्षा तो उत्तीर्ण झालेला होता; मुलाखतीची तारीख मात्र लागत नव्हती. टाळेबंदी होती, आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, ही कारणे खरी होती. एखाद्या मृत्यूचे एकच कारण सांगणे हे धाडसाचे आणि बहुधा चुकीचे असते, हेही आम्ही जाणतो. जुलैच्या अधिवेशनात विधानसभेत त्यावर बोलणे झाले. परंतु त्या काळात परीक्षार्थींची तक्रार विलंबाइतकीच अनिश्चिततेची होती: किती थांबायचे, हे सांगण्यास कोणी समोर येत नव्हते. शिक्षकभरतीचा इतिहासही निराळा नाही. खाजगी अनुदानित शाळांतील भरती 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून व्हावी असे २०१७ साली ठरले, त्याच वर्षी डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, आणि तशी दुसरी चाचणी होण्यास २०२३ उजाडले. डी.एड., बी.एड. झालेल्या मुलांची ऐन उमेदीची पाच वर्षे 'लवकरच' या एका शब्दावर निघून गेली. 'कळवू' आणि 'लवकरच' ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

या मौनाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो व्यक्तीपुरता नसून सार्वजनिक आहे. जेथे अधिकृत शब्द येत नाही तेथे अनधिकृत शब्दाचा बाजार भरतो. मुलाखत होऊन महिना झाला की चहाच्या टपरीवर कोणीतरी भेटतो. 'तुझे नाव यादीत आहे, फक्त अडले आहे. वर शब्द टाकावा लागेल', असे तो हळूच सांगतो. पुढे आकडा येतो. त्यासाठी आईचे दागिने किंवा रानाचा तुकडा निघतो. हा दलाल निर्माण करणारे कोण? त्याला भांडवल पुरवणारे कोण? नकार वेळेवर कळवला असता तर त्याला विकण्यासाठी काही उरलेच नसते. दलाल नोकरी विकत नसतो. तो संस्थेचे मौन विकत असतो. शिवाय, ज्याला काहीच कळत नाही तो सहजच सर्वांत वाईट कल्पना करतो. जातीमुळे डावलले, पैसे घेतले, आधीच ठरलेले होते, असा ग्रह करून तो बसतो. कधी तो ग्रह खराही असेल. परंतु जी संस्था प्रामाणिकपणे निवड करते तीसुद्धा आपल्या मौनामुळे अप्रामाणिक संस्थांच्या पंक्तीस जाऊन बसते. गुणांवर निवड झाली, यावरील तरुणांचा विश्वास उडणे हे समाजाचे फार मोठे नुकसान आहे.

नोकरी देणाऱ्यांचीही बाजू आहे व ती ऐकून घेतलीच पाहिजे. ते म्हणतात, अर्ज शेकड्यांनी येतात, सर्वांस उत्तरे देणार कशी? आमचे उत्तर: सर्व अर्जदारांस देऊ नका, ज्यांना तुम्ही स्वतः बोलावलेत, ज्यांनी तुमच्या निरोपावरून गाडीभाडे खर्च केले, तेवढ्यांना द्या. ते दहा असतील किंवा वीस. ते म्हणतात, कारणे लिहिली तर वाद उत्पन्न होतील. आमचे उत्तर: कारणे लिहू नका, निकाल लिहा. ते म्हणतात, पहिला उमेदवार रुजू झाला नाही तर दुसऱ्यास बोलवावे लागते, म्हणून कोणासच नाही म्हणत नाही. आमचे उत्तर: मग त्यास 'तुम्ही प्रतीक्षायादीत आहात, अमुक तारखेपर्यंत कळवले नाही तर नाही समजा', असे स्पष्ट लिहा. ते म्हणतात, पदाची मंजुरीच वरून येत नाही. तेही लिहा! मंजुरी अडली आहे हे उमेदवारास कळण्यात संस्थेची कोणती अप्रतिष्ठा आहे? पन्नास पैशांच्या पोस्टकार्डाने जे होते, आणि भ्रमणध्वनीच्या संदेशाने तेवढ्याही खर्चाशिवाय जे होते, ते न करण्यास 'वेळ नाही' हे कारण कोणी देऊ नये. खरी अडचण वेळेची नसून वृत्तीची आहे. ज्याची निवड झाली नाही त्याच्याशी आपला संबंध संपला, असे आपण मनात धरून चालतो. पाहुणा जेवला नाही तरी त्याला दारापर्यंत पोहोचवण्याची आपली रीत आहे. ती रीत कचेरीच्या उंबऱ्यावर का अडखळावी?

कायदा काय म्हणतो, हेही पाहणे उद्बोधक ठरेल. निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा अबाधित हक्क उत्पन्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ साली शंकरसन दास खटल्यात सांगितले. मात्र त्याच निकालात सरकारला मनमानी करता येणार नाही, असेही बजावले. म्हणजे नोकरीचा हक्क नाही हे आम्हांस मान्य आहे. आम्ही मागतो तो उत्तराचा हक्क. १९५९ साली रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळवण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या नियमांत मालकाने निवडीचा निकाल पंधरा दिवसांच्या आत त्या कार्यालयास कळवावा अशी तरतूद होती. पुढे तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला. त्या जुन्या नियमातली गंमत पाहा: निकाल कार्यालयास कळवायचा, ज्याने मुलाखत दिली त्याला कळवायचा, हे लिहिण्याचे कोणास सुचले नाही!

याउलट आपल्याच राज्याचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात मराठवाड्यातील हजारो हात रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर राबले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले आणि काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता, असे लिखित वचन दिले. २००५ साली देशाने तेच तत्त्व स्वीकारले, तेव्हा मजुराच्या अर्जाला दिनांकित पावती देण्याचेही त्यात आले. ती पावती मिळवण्यासाठी मजुरांना किती झगडावे लागले हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु तत्त्व पाहा. कुदळ हाती घेऊन आलेल्या निरक्षर माणसाच्या मागणीलाही तारीख असते, तिला मुदत असते, तिला उत्तर असते, हे महाराष्ट्राने जगाला शिकवले. त्याच महाराष्ट्रात त्या मजुराचा शिकलेला मुलगा प्रमाणपत्रांची फाईल घेऊन मुलाखतीस जातो, तेव्हा त्याच्या वाट्यास ना तारीख, ना मुदत, ना उत्तर. बापाला जे मिळाले ते मुलाने पदवी घेतल्यावर गमावावे, हा कोणता न्याय?

परदेशात याचा विचार सुरू झाला आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने कायदाच केला. पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे उमेदवारास कळवले पाहिजे, असा हा नियम १ जानेवारी २०२६ पासून तेथे लागू झाला. कायद्याने सौजन्य शिकवावे लागते ही फार भूषणाची गोष्ट नव्हे. परंतु सौजन्य आपण होऊन येत नसेल तर कायद्यास दार उघडावेच लागते.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. जिल्ह्यातील शिक्षणसंस्था, महाविद्यालये, सहकारी बँका व पतसंस्था, साखर कारखाने, रुग्णालये आणि व्यापारी यांनी तीन गोष्टी कराव्यात. मुलाखत संपताना 'कळवू' असे न म्हणता 'अमुक तारखेपर्यंत कळवू' असे म्हणावे. त्या तारखेला होकार, नकार वा विलंब, यांपैकी जे असेल ते दोन ओळींत कळवावे. आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली असतील तर ती त्याच दिवशी परत करावीत. महाविद्यालयांस आमचे विशेष सांगणे आहे. दरवर्षी जून-जुलैत तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या मुलाखती होतात, पीएच.डी. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण माणसे तुमच्या व्हरांड्यात ताटकळतात. जी संस्था विद्यार्थ्यास निकालपत्र देते तिने उमेदवारास निकाल देऊ नये, यासारखा विरोधाभास नाही. राज्य सरकारनेही निदान अनुदानित संस्थांस हा नियम लागू करावा. अनुदान घेताना ज्या संस्था सरकारला प्रत्येक कागद वेळेवर पाठवतात, त्यांना उमेदवारास एक कागद पाठवणे जड जाऊ नये.

आता दोन शब्द तरुणांसाठी. ते जुन्या मास्तरांचे आहेत म्हणून ऐकून घ्यावेत. मुलाखतीच्या खोलीतून उठण्यापूर्वी 'निर्णय कधीपर्यंत होईल आणि मी कोणाकडे चौकशी करावी?' हे नम्रपणे विचारा. यात उद्धटपणा नाही. प्रश्न विचारणारा उमेदवार शहाण्या मालकास आवडतो. दुसऱ्या दिवशी चार ओळींचे आभारपत्र पाठवा. सांगितलेली तारीख उलटून आठवडा गेला की एक स्मरणपत्र, आणखी दोन आठवड्यांनी दुसरे आणि शेवटचे. त्यानंतर तो विषय आपल्या वहीत आपण होऊन बंद करा. उत्तर न देण्याचा अधिकार त्यांनी घेतला असेल. वाट पाहणे थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे. नेमणुकीचा लेखी कागद हाती येईपर्यंत हातची नोकरी सोडू नका, दुसरे अर्ज थांबवू नका, आणि कोणी कितीही गोड बोलला तरी दलालास एक रुपया देऊ नका. संस्था सरकारी असेल किंवा मोठ्या प्रमाणावर सरकारी अनुदानावर चालत असेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार तुमच्या हाती आहे. दहा रुपये शुल्क भरून स्वतःचे गुण आणि निवडप्रक्रियेची स्थिती विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस बंधनकारक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की मौनाला स्वतःच्या लायकीचा निकाल मानू नका. त्यांनी कळवले नाही यावरून त्यांच्या कचेरीची शिस्त कळते. तुमची किंमत कळत नाही. मन फारच खचले तर ते घरात वा मित्रांत बोला. एकट्याने ओझे वाहण्यात कसलाही पुरुषार्थ नाही.

आईवडिलांसही एक विनंती आहे. 'काय झाले रे त्या नोकरीचे?' हा प्रश्न मायेपोटीच येतो. परंतु ज्याचे उत्तर मुलालाच ठाऊक नाही तो प्रश्न रोज विचारल्याने तो टोचू लागतो. तो विचारण्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून पुढचा अर्ज लिहावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तर लग्नकार्यात अशा मुलांना गाठून चौकशा करण्याचा मोह आवरावा.

राहता राहिले आम्ही. दुसऱ्यास उपदेश करून स्वतः मोकळे राहणे हा संपादकांचा जुना रोग आहे. यास्तव आम्ही जाहीर करतो, की या वृत्तपत्राच्या कचेरीत वार्ताहर, मुद्रितशोधक, जुळारी, शिपाई अशा कोणत्याही कामासाठी ज्यास मुलाखतीस बोलावले जाईल, त्यास पंधरा दिवसांच्या आत होकार वा नकार लेखी कळवला जाईल. ज्याला तो मिळणार नाही त्याने खुशाल आमच्याच अंकात तक्रार छापण्यास द्यावी; आम्ही ती छापू. शाळेच्या फाटकाशी आलेल्या त्या मुलीचे ऋण यामुळे फिटणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. ती आज कोठे आहे हेही आम्हांस ठाऊक नाही. परंतु तिच्यासारख्या दुसऱ्या कोणास 'अजून ठरायचे आहे' असे खोटे उत्तर या दारातून मिळू नये, एवढे तरी आमच्या हाती आहे.

तेरच्या कुंभाराने नकार कसा द्यावा हे या मातीला कित्येक शतकांपूर्वी शिकवून ठेवले आहे. त्याने हाती थापटणे घेतले, मडके वाजवले आणि जे ऐकू आले ते सांगून टाकले. जिल्ह्यातील प्रत्येक अध्यक्षाने, सचिवाने, व्यवस्थापकाने आणि मालकाने मुलाखतीच्या टेबलावर बसताना त्या कुंभाराची आठवण ठेवावी. मडके पक्के असेल तर पक्के म्हणा, कच्चे असेल तर कच्चे म्हणा. फक्त ते हातात धरून, काही न बोलता, आयुष्यभर कोणास उभे ठेवू नका.